दुसऱ्याच्या घरचा पित्तर

माझ्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला मी एकदाच वाढतो. आणखी घ्या, माझ्या गळ्याची शपथ, एवढा एक तरी घ्या, हे नाटक माझ्याकडे नाही. भूक असेल तर तोंड आहे, मागावं. यावरून अल्लीपुरात मला कंजूष म्हणतात. म्हणोत. म्हणणारे कोण, तर ज्यांनी आग्रह करकरून मला अर्धा मारला त्यांच्याच घरचे. त्यांच्याकडून चांगलं नाव घेऊन मला काय करायचं आहे?

मी चौथी शिकलो. तोंडानं सांगायला गेलो की शिव्याच जास्त येतात आणि गोष्ट राहून जाते. म्हणून लिहितो.

मी पहिल्यापासून खाणारा गडी. हिंगणघाटच्या जिनात सीझनभर कापसाच्या गठाणी ढकलायचो. सकाळच्या एसटीनं जायचं, अंधार पडता परत यायचं. तसल्या कामाला दोन भाकरी पुरत नाहीत. बायको वाढायची, मी खायचो. पण तिची एक खोड होती. मला पुरे झालं असं तिला वाटलं की ती माझ्या ताटावर आपला हात आडवा धरायची आणि म्हणायची, "बस." जेवणाऱ्यानं ताटावर हात धरलेला सगळ्यांनी पाहिला असेल. वाढणारीनं धरलेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. मी चिडायचो.

"अवं, कमावतो मी! माह्या घरात मीच उपाशी राहू काय?"

"हाव, कमावता तुमी. पन पोट का सरकारी हाय काय? तुमचंच हाय ना? फुटन एखांद्या दिवशी."

जगात मला बस म्हणणारी तेवढी एकच होती. शहात्तर साली, श्रावणात, तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारी-सोयरे डबे आणतात, त्याला कडू घास म्हणतात. घास कडू असावा म्हणून ते नाव असेल, पण मला तो गोड लागला. लोक समोर बसायचे आणि म्हणायचे, "खाऊन घे बाप्पा. तू नाई खाल्लं त तिच्या जिवाले त्रास होते." मला रडू येत नव्हतं. घशाशी काही वर आलं की मी वरून घास टाकायचो, ते खाली जायचं. तेरा दिवस मी हेच केलं. लोक म्हणाले, मोठ्या धीराचा माणूस. धीर कसला? तोंड भरलेलं होतं.

तेरवी झाली, डबे बंद झाले, खाणं बंद झालं नाही. दिवेलागणीला, ती चुलीपुढं बसायची त्या वेळेला, माझ्या छातीत कोणी नखानं खरवडल्यासारखं व्हायचं. मी त्याला भूक समजलो. अडाणी माणूस, दुसरं काय समजणार? डब्यातला गूळ उभ्याउभ्या खायचो. परातीतलं भिजवलेलं पीठ कच्चं खायचो. हिंगणघाटच्या स्टँडवर पाच-सहा आलूबोंडे खाऊन एसटीत बसायचो आणि घरी येऊन पोरीला म्हणायचो, सकाळपासून पोटात काही नाही.

पोरगी सोळा वर्षांची होती. एकुलती एक. माय गेल्यावर घर तिच्यावर पडलं. तिला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा तिनं आदल्या दिवशी लाडू करून ठेवले. दुपारी ती विहिरीवर गेली आणि मी डबा उघडला. एकच खायचा होता. ती घागर घेऊन परत आली तेव्हा मी डब्याच्या बुडाचा चुरा बोटानं गोळा करत होतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढं तिनं नुसता चिवडा ठेवला आणि सांगितलं, लाडू मांजरानं सांडले. पाहुणे माझ्या पोटाकडे पाहून हसले. ती सोयरीक झाली नाही. मी पाहुण्यांना शिव्या दिल्या.

आता पित्तराची गोष्ट.

भादव्यातल्या पितृपक्षात आमच्याकडे मेलेल्याच्या तिथीला त्याच्या नावानं एक माणूस जेवायला बोलावतात. पुरुष गेला असेल तर पुरुष, बाई गेली असेल तर बाई. त्या दिवसापुरता तो माणूस पित्तर. त्याचे पाय धुतात, पाटावर बसवतात, पाया पडतात आणि मेलेल्याला जे आवडत होतं ते त्याला वाढतात. वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी. पित्तर जितका जेवला तितका मेलेला तृप्त झाला, असा हिशोब. मग दोन वडे खाऊन उठणारा पित्तर कोणाला पाहिजे? माझ्यासारखा पाहिजे.

बायको जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा पहिलं बोलावणं आलं. मग बोलावणी येतच गेली. कोणाचा बाप, कोणाचा काका, कोणाचा पाण्यात बुडालेला भाऊ, सगळ्यांच्या नावानं मी जेवलो. पंधरा दिवसांत एक दिवस रिकामा गेला नाही, कधी दोन घरं झाली. बाया वाढायच्या आणि म्हणायच्या, "घ्या ना जी, आमच्या मामंजीले वडे लय आवडे." मी घ्यायचो. बाहेर ओसरीवर पोरंसोरं माझे वडे मोठ्यानं मोजायची आणि मोठी माणसं हसायची. पाया पडणारेही तेच आणि हसणारेही तेच. मला ते कळत होतं. कळत असूनही मी बसून होतो, काऊन की तिथं कोणी बस म्हणत नव्हतं.

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात चपलेचा खिळा उजव्या पायाच्या अंगठ्याला लागला. एवढासा ओरखडा. तो भरेचना. चिंधी बांधायचो, चिंधी भिजायची. परसात मी लघवीला बसायचो तिथं मुंग्यांची रांग लागायची. पोरीनं ती पाहिली आणि शेजारच्या वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, ही साखरेची बिमारी, वर्ध्याले ने.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, माझ्या पोरीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या पाण्यात टाकून तापवली. ते निळं पाणी विटेसारखं लाल झालं.

"काका, पाहिलं? निळं राहायला पाहिजे होतं."

"मंग?"

"मग काय! गोड बंद, तळलेलं बंद. ह्या गोळ्या घ्या. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाय, मग तुम्ही."

मी तिला म्हटलं, "तुमाले दोन घास जास्त खाणारा मानूस दिसला नाई काय कधी?"

ती म्हणाली, "रोज दिसतो. वॉर्डात चला, दाखवते."

मी वॉर्डात गेलो नाही. स्टँडवर आलो आणि बस येईपर्यंत पावशेर जिलेबी खाल्ली. पोरगी बाजूला उभी होती. गोळ्यांची पुडी तिच्या हातात होती.

मग पितृपक्ष आला. त्यात नवमीचा दिवस नवऱ्याआधी गेलेल्या बायांचा. त्या दिवशी सवाशीण जेवू घालायची. पहिल्या दोन नवम्यांना मी घरी ताटभर काही तरी उरकून दुसरीकडे पळालो होतो. या वर्षी पोरीनं सकाळीच मला दारात गाठलं.

"बाबा, आज कोठी जाऊ नका. मी वयनीले बोलावलं मायच्या नावानं. घरच्या मानसानं पानी सोडल्याबिगर तिले घास घेता येत नाई. तुमी पायजे."

"म्हातारी झाली काय तू मले शिकवाले? हाव म्हनतो ना."

"मायची आन घ्या."

"घेतली."

तासाभरानं गावाच्या वरच्या पुऱ्यातला एक मोठा कास्तकार आला. त्याचा बाप नवमीलाच गेलेला. ज्याला सांगितलं होतं तो पित्तर तापानं पडला होता. "चाल लेका लवकर, माह्या बापाचं पान मांडून ठेवलं हाय," तो म्हणाला. मी मागच्या दारानं गेलो. एकच घर, अर्ध्या घंट्यात येतो, असं मी मनात म्हटलं. असं मनात म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो, हे मला आज कळतं.

त्याच्या सुनेनं ओसरीवर माझे पाय धुतले. ताटलीत पाय ठेवला तेव्हा चिंधीतून वास आला. तिनं पदर नाकाला लावला आणि चिंधीवरूनच तांब्याभर पाणी टाकलं. मग पाया पडली. तीन वर्षं किती घरांनी माझे पाय धुतले, पण पाय कोणी पाहिला नाही. त्यांना बाप जेवू घालायचा होता, माझा अंगठा कोणाच्या बापाचा होता?

मी जेवलो. किती ते लिहीत नाही. जेवून त्यांच्याच ओसरीवर भिंतीला टेकलो तो झोप लागली. उठलो तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत होतं.

घरी आलो. पाट मांडलेला, पाटापुढं ताट वाढलेलं. भात वाळलेला, कढीवर साय धरलेली, वड्यांवर माश्या. पोरगी बाजूला बसून पदरानं माश्या हाकलत होती. वहिनी दुपारपर्यंत थांबली आणि उपाशी उठून गेली होती.

पोरगी ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो. ती ओरडली नाही. मग मला ते घशाशी आलं, तेच, तेरा दिवस दाबलेलं. आणि मी काय बोललो ते ऐका. मी म्हटलं, "राहू दे. वाया कायले घालवतं? मी बसतो."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "बसा. पित्तरच हाय ना तुमी. थांबा, पाय धुते."

तिनं ताटली आणली, तांब्या आणला. माझा पाय ताटलीत घेतला आणि चिंधी सोडली. कोणीच सोडली नव्हती ती. अंगठा काळा पडला होता, जळक्या लाकडासारखा. तिनं पाणी टाकलं, बोटांमधून हात फिरवला, नाक धरलं नाही. मग पायाकडेच पाहत म्हणाली, "पुढच्या साली मले दोन पानं वाढा लागन. एक मायचं, एक तुमचं. मायच्या पानावर वयनी तरी येईन. तुमच्या नावानं जेवाले मी कोनाले बोलावू, बाबा? ह्या गावात तुमच्याएवढा खानारा कोन हाय?"

टोमणा होता. गावात कोणी मारला असता तर मी काठी उचलली असती. तिच्या हातात माझा पाय होता.

आणि तरीही मी ते ताट जेवलो. लिहायला लाज वाटते. माझ्या बायकोच्या नावाचं, माश्या बसलेलं, थंड ताट मी शेवटच्या शितापर्यंत खाल्लं, कारण थांबलो असतो तर ते वर आलं असतं. मग परसात जाऊन सगळं ओकलो, दोन्ही घरचं. पोरीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सकाळच्या एसटीनं वर्ध्याले जाऊ."

अंगठा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, आठ दिवस आधी आले असते तर वाचला असता. मी तिला शिवी दिली. ती हसली आणि पट्टी घट्ट बांधली.

घरी आल्यावर मी पोरीला म्हटलं, "डब्यांले कुलूप लाव. चावी तुह्याजवळ ठेव."

ती म्हणाली, "मी का जन्मभर राह्यन काय चावी घेऊन? उद्या माह्यं लगन झालं मंग? तुमचं तोंड तुमी सांभाळा."

तिनं डबे होते तिथंच ठेवले. ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, पातळ वरण, एवढं एकदा वाढायची आणि उठून जायची. समोरसुद्धा बसायची नाही. मला तिचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

खरी मारामारी दिवेलागणीची. खरवडणं सुरू झालं की हात डब्याकडे जायचा. पहिल्या महिन्यात किती वेळा गेला ते विचारू नका. दिवाळीत शंकरपाळ्यांचा अर्धा डबा संपवला आणि पोरीला सांगितलं, मांजर. ती म्हणाली, "ते लाडवावालं मांजर मेलं नाई काय अजून?"

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी गुळाच्या डब्याशी उभा होतो आणि झाकण निघेना. चिकटलं होतं. मी झाकणाला शिवी दिली. मग डब्याला. मग का कोण जाणे, बायकोला दिली. म्हटलं, भवाने, मले एकट्याले टाकून गेली. आठ दिवसात गेली. कावीळ झाली त आधी सांगता नाई आलं? बस म्हनाले कोन येईन आता, तुहा बाप? मी चुलीपुढं बसून तिला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. शेजारची भांडी वाजायची थांबली. दम लागून गप्प झालो तेव्हा खरवडणं थांबलं होतं. डबा उघडायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मग रोज. शिव्या देणाऱ्या तोंडाला त्याच वेळी खाता येत नाही, एवढी एकच अक्कल मला या सगळ्यात आली. गावात बोभाटा झाला की बुढ्याला वेड लागलं, मेलेल्या बायकोशी भांडते. भांडत होतो. जिवंत होती तेव्हाही भांडत होतो. ज्या दिवशी शिव्या संपल्या त्या दिवशी मी नाल्यापर्यंत लंगडत जाऊन यायचो. एखाद्या दिवशी हरायचो. पण महिन्यातले हरलेले दिवस कमी होत गेले. उन्हाळ्यापर्यंत वर्ध्याच्या नळीतलं पाणी लालाचं पिवळं आणि पिवळ्याचं हिरवं झालं. पुरतं निळं कधीच झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, चालेल.

पुन्हा पितृपक्ष आला. तोच कास्तकार आला.

"चाल बाप्पा. माह्या बापानं सपनात तुले मांगतलं."

"तुह्या बापाले सांग, मी बसत नाई आता."

"पित्तराले नाई म्हनते? शाप लागन ना बे!"

"लागला," मी म्हटलं आणि चप्पल काढून पाय त्याच्यापुढं केला. "मोज बोटं. तुह्या घरी पाय धुतले तवा मोजली नाई. आता मोज."

तो गेला. जाताना गावभर सांगत गेला. ती दुश्मनी त्याच्या पोरांपर्यंत आहे. असू दे.

मग मी शेजारच्या वहिनीच्या दारात गेलो. उपाशी उठल्यापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

"वयनी, नवमीले या."

"माह्यं भरलं पान वाळवलं तुमी. आता कायले येऊ? माश्या हाकलाले?"

"या ना, दुपारी मी घरीच हावो."

"मांगच्या सालीबी घरीच होते तुमी. भाऊजी, तुमच्या तोंडावर इस्वास ठेवून बाई उपाशी मरन."

मी उभाच राहिलो. ती पाखडत राहिली. सूप रिकामं झालं तेव्हा म्हणाली, "खीर पातळ नाई पायजे मले."

नवमीला पोरीनं रांधलं. मी वहिनीचे पाय धुतले, पाणी सोडलं आणि स्वतः वाढायला उभा राहिलो. घरात तळल्याचा वास भरला होता. सकाळपासून मी तोंडात एक वडा टाकला नव्हता, आणि टाकावासा वाटला नाही असं म्हणणार नाही. वहिनी सावकाश जेवली. मी आणखी एक वडा घेऊन तिच्या ताटाकडे वाकलो. तिनं ताटावर हात आडवा धरला. कामांनी राठ झालेला, बांगड्या मागे सरकलेला हात.

"बस," ती म्हणाली.

तीन वर्षांनी तो शब्द माझ्या घरात ऐकू आला. मी वडा हातात धरून तिथंच उभा राहिलो आणि जे तेरवीपासून दाबलं होतं ते सगळं वर आलं. मी मोठ्यानं रडलो, बाया रडतात तसा गळा काढून. पोरगी चुलीपासून उठली नाही. तिची पाठ माझ्याकडे होती, ती हालत होती.

वहिनीनं ताटातच हात धुतला आणि उठता उठता म्हणाली, "आता रडून राह्यले. तीन साल कोठी होते? तो वडा थंडा होऊन राह्यला, त्याचं काय ते करा."

वडा माझ्या हातात होता. तेलानं बोटं चिकट झाली होती. पोरगी आता वळून पाहत होती, फक्त हाताकडे. मी अंगणात गेलो, नऊ बोटांवर टाच उचलली आणि तो वडा छपराच्या कवेलूवर ठेवला. कावळा लगेच आला. मी बोटं धोतराला पुसली, चाटली नाहीत.